सोयाबीनच्या पानाला भोकं पडली म्हणून लगेच फवारायचं का?

पेरता_हात
नमस्कार मंडळी. सोयाबीन २४ दिवसांचं झालंय, उगवण चांगली आहे, तणनाशक मारून झालं. पण कालपासून बघतोय तर बऱ्याच पानांना भोकं दिसताहेत, काही पानं कडेने कुरतडलेली, एक-दोन ठिकाणी पानाची नुसती जाळी झालीय. पान उलटून बघितलं तर बारीक हिरव्या अळ्या, चालताना पाठीची कमान करतात. आजूबाजूच्या सगळ्यांची पहिली फवारणी झाली आणि मला पण सगळे म्हणताहेत की उद्याच मार, अळीचं एक, रसशोषक किडीचं एक, सोबत टॉनिक आणि १९:१९:१९ हे विद्राव्य खत, सगळं एकाच टाकीत. खर्चाला मागे हटत नाही पण खरंच गरज आहे का हे कुणीतरी कारणासकट सांगा. आणि मारायचंच तर कोणतं?

नांगरधारी
विचार करत बसू नको भाऊ, मार. अळी लहान आहे तोवरच औषध लागू पडतं, मोठी झाली की डबल डोस मारला तरी मरत नाही. आमच्याकडे २०-२५ दिवसाला पहिली, ४०-४५ ला दुसरी, शेंगा भरताना तिसरी असं ठरलेलं असतं, पीक स्वच्छ राहतं.

बांधावरून
थांब जरा पेरता_हात. ती कमान करून चालणारी म्हणजे उंटअळी. आधी मोज, मग ठरव. मीटरभर लांबीची ओळ घ्यायची, दोन ओळींच्या मधे पांढरं कापड नाहीतर उसवलेलं पोतं पसरायचं, त्या मीटरभरातली झाडं हलक्या हाताने त्यावर वाकवायची आणि झटकायची. खाली पडलेल्या अळ्या मोजायच्या. असं एकरात ५-६ ठिकाणी, बांधालगतच्या ओळी सोडून, कारण कडेला कीड नेहमी जास्त दिसते आणि आपण नेमकं तिथूनच बघून घाबरतो. सरासरी काढ. फुलोरा यायच्या आधी मीटरला साधारण ४ उंटअळ्या निघाल्या तर फवारणीचा विचार, त्याच्या खाली असेल तर दोन-तीन दिवसांनी परत मोज.

आणि पानाचं म्हणशील तर सोयाबीनला फुलोऱ्याआधी ३० टक्क्यांपर्यंत पान गेलं तरी उत्पादनात सहसा फरक पडत नाही. हे ऐकायला पटत नाही पण जगभर जिथे जिथे सोयाबीन होतं तिथे हाताने पानं कापून बघितलेल्या प्रयोगांतून हाच आकडा येतो. झाड तेव्हा वाढीत असतं, नवीन पान काढून ते भरून काढतं. फुलोऱ्यापासून पुढे मात्र ही मुभा १५-२० टक्क्यांवर येते.

पेरता_हात
३० टक्के पान गेलं हे ओळखायचं कसं काका? मला तर आत्ताच निम्मं रान खाल्ल्यासारखं वाटतंय.

कीडवही
सगळ्यांनाच तसं वाटतं, कारण नजर भोकावरच जाते, शाबूत पान दिसतच नाही. एक पद्धत सांगते. वेगवेगळ्या झाडांवरून वरची, मधली आणि खालची अशी पानं खुडून आणा, जमिनीवर ओळीने मांडा आणि प्रत्येक पानाचा किती भाग गेलाय ते एकेक करून ठरवा. मग सरासरी. "निम्मं गेलं" म्हणणाऱ्यांचं रान असं मोजल्यावर बहुतेक वेळा १०-१२ टक्क्यांच्या आसपास निघतं. फक्त वरचीच पानं आणली तर आकडा फसवतो, ती सगळ्यात कोवळी असतात आणि अळ्यांना तीच आवडतात.

पण पेरता_हात, मला तुमच्या पानांची तेवढी काळजी नाही, मला खोडाची आहे. २४ दिवसांचं पीक म्हणजे खोडमाशीचा काळ. तुम्ही पेरताना बियाण्याला कीटकनाशक लावलं होतं का?

पेरता_हात
नाही ताई. बुरशीनाशक लावलं आणि जिवाणू खत लावलं. कीटकनाशक नाही लावलं.

कीडवही
मग उद्या सकाळी अळ्या मोजायच्या आधी हे करा. रानात वेगवेगळ्या ठिकाणची, एकूण वीस-पंचवीस झाडं उपटा. चांगली दिसणारी पण घ्या, फक्त पिवळी पडलेली नको. ब्लेडने मुळापासून शेंड्यापर्यंत खोड उभं चिरा. आत मधोमध लालसर तपकिरी नागमोडी रेघ दिसली की ती खोडमाशी. आत कधी फिकट पिवळसर पांढरी बारीक अळी सापडते, कधी तपकिरी कोष सापडतो, कधी दोन्ही नसतं, माशी निघून गेलेली असते आणि खोडावर फक्त बारीक छिद्र राहतं.

ही माशी घरमाशीपेक्षा कितीतरी लहान, जेमतेम २ मिलीमीटर, चमकदार काळी. पानाच्या आत अंडी घालते. अळी पानाच्या शिरेतून देठात आणि देठातून खोडात उतरते, आतला गाभा खाते. दोन पानांवर असलेलं रोप यात मरतं, ते निदान दिसतं तरी. पण जरा मोठं झाड मरत नाही, वरून हिरवंगार दिसतं आणि शेंगा कमी धरतं, दाणा बारीक पडतो. शेवटी आपण पावसाला नाहीतर बियाण्याला नावं ठेवतो.

१० ते १५ टक्के झाडांत भुयार सापडलं तर फवारणी करा, तिथे थांबायला मी सांगणार नाही.

सरी_वरंबा
म्हणजे पान खाणाऱ्या किडीला थांबायचं आणि खोडात शिरणाऱ्या किडीला थांबायचं नाही, असंच ना ताई?

कीडवही
बरोबर. पान खाणारी अळी उघड्यावर असते, तिला आज नाही तर चार दिवसांनी पण गाठता येतं, आणि तोवर झाडाने नवीन पान काढलेलं असतं. खोडातली कीड एकदा आत गेली की तिच्यापर्यंत आपलं औषध नीट पोचत नाही आणि कुरतडलेला गाभा परत भरून येत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पानाला भोक दिसलं की पंप पाठीवर आणि खोड कुणी चिरूनच बघत नाही.

नांगरधारी
तुम्ही दोघं जे सांगताय ते चुकीचं म्हणत नाही. पण रोज कोण कापड घेऊन फिरणार? आणि महत्त्वाचं म्हणजे पाऊस. मोजत बसलो आणि झड लागली की आठ-आठ दिवस रानात पाय टाकता येत नाही, चिखल होतो, फवारलं तर धुऊन जातं. तेवढ्यात अळी मोठी होऊन बसते. मी म्हणून ठरलेल्या तारखेला मारतो, मला त्यात रिस्क कमी वाटते.

बांधावरून
नांगरधारी, झडीचा मुद्दा तुझा रास्त आहे, ते मी नाकारत नाही. आकडा उंबरठ्याच्या, म्हणजे ज्याच्या वर गेलं की फवारायचं त्या आकड्याच्या, जवळ आहे आणि पुढचे दिवस पावसाचे दिसताहेत तर एक-दोन दिवस आधी मारण्यात काही वावगं नाही, मोजलेलं असेल तर तो निर्णय पण नीट घेता येतो. माझा आक्षेप आहे तो न बघता मारण्याला. कारण २० दिवसाला जे बहुतेक लोक मारतात त्यात स्वस्तातलं सायपरमेथ्रीन नाहीतर प्रोफेनोफॉस असतं, आणि ते अळीबरोबर सगळंच साफ करतं. ढालकिडे गेले, क्रायसोपा गेला, कोळी गेले, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या गेल्या. नंतर पतंग बाहेरून येऊन परत अंडी घालतात, त्या अळ्यांना खायला रानात कुणी उरलेलं नसतं आणि मग दुसरी आणि तिसरी फवारणी खरंच लागते. तुझ्या तीन फवारण्यांतल्या दोन बहुतेक पहिलीमुळे लागत असतील, हे एकदा एका तुकड्यात फवारणी न करता मोजून बघ.

नांगरधारी
तुकडा ठेवून बघायला हरकत नाही. अर्धा एकर ठेवतो या वेळी. पण खोडमाशीचं मात्र मी आगाऊच करणार, ती दिसत नाही हे ताईंनीच सांगितलं.

कीडवही
खोडमाशीचं आगाऊ करायचं तर ते बियाण्यावर करा, पानावर नाही. थायमेथोक्झाम ३० एफएस १० मिली प्रति किलो बियाणं किंवा इमिडाक्लोप्रिड ४८ एफएस १.२५ मिली प्रति किलो (नावापुढचा आकडा आणि अक्षरं म्हणजे औषधाचं प्रमाण आणि प्रकार). यामुळे पहिले तीन-चार आठवडे खोडमाशी आणि रस शोषणाऱ्या किडी बऱ्यापैकी दबून राहतात, आणि औषध झाडाच्या आत असल्यामुळे वर फिरणाऱ्या मित्रकिडींना, म्हणजे किडींना खाणाऱ्या किड्यांना, फवारणीइतका त्रास होत नाही. क्रम लक्षात ठेवा, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सावलीत सुकू द्यायचं, आणि जिवाणू संवर्धक सगळ्यात शेवटी, पेरणीच्या अगदी तोंडावर. उलट केलं तर जिवाणू मरतात. सोयाबीनचं साल पातळ असतं म्हणून जोरात चोळायचं नाही, हलक्या हाताने, नाहीतर उगवण जाते.

ओलावा
मधेच विचारते, चक्रभुंग्याचं कुणी बोललंच नाही. आमचं पीक यांच्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी पुढे आहे आणि वरची काही पानं देठासकट वाळून लोंबताहेत. झाडाला पाणी आहे, बाकी झाड हिरवं. देठावर दोन गोल रेघा दिसतात, जसं कुणी ब्लेड फिरवलंय.

बांधावरून
ताई हाच चक्रभुंगा, शंभर टक्के. त्या दोन रेघा मादी पाडते. देठावर नाहीतर फांदीवर, कधी खोडावर पण, खाली-वर दोन चक्रं कुरतडते आणि मधल्या भागात छिद्र पाडून अंडी घालते. रस अडतो म्हणून वरचा भाग वाळतो. मग अळी देठातून खाली उतरत मुख्य खोडात जाते आणि आतून पोकळ करत जाते.

आत्ता तुमच्याकडे नामी संधी आहे. जिथे जिथे चक्र दिसेल तिथे खालच्या चक्राच्या खालून तो भाग तोडायचा आणि रानात टाकायचा नाही, पिशवीत गोळा करून बाहेर आणून जाळायचा किंवा खोल पुरायचा. अंडं किंवा नुकती निघालेली अळी त्याच भागात असते. हे सुरुवातीच्या काही दिवसांतच जमतं, अळी खोडात उतरली की तोडून उपयोग नाही. खुरपणी चालू असेल तर खुरपणाऱ्या बायांना चक्र कसं दिसतं ते एकदा दाखवून ठेवा, त्यांच्या नजरेतून एक सुटत नाही, हाताखालून प्रत्येक झाड त्यांच्याच जातं.

ओलावा
आणि किती असेल तर फवारायचं काका?

बांधावरून
साधारण ५ टक्के झाडांवर चक्र दिसली की. दाट पेरणी, ओळीत झाडावर झाड, नत्र जास्त दिलेलं, अशा लुसलुशीत पिकात हा भुंगा जास्त येतो. ४५ सेंटीमीटर ओळ ठेवली तर हवा पण खेळते आणि फवारणी करताना औषध खालपर्यंत पोचतं, दाट रानात वरचं पान भिजतं आणि खोड कोरडंच राहतं.

पेरता_हात
मंडळी, सकाळी जाऊन आलो. अळ्या मीटरला सरासरी २ च्या आत आहेत, दोन ठिकाणी तर कापडावर एकही पडली नाही. पण ताई तुमचा अंदाज खरा निघाला, खोडं चिरली, २५ मधून ५ झाडांत लाल रेघ आहे. त्यातली तीन वरून एकदम चांगली दिसत होती. आता काय मारू?

कीडवही
२० टक्के. मारा. खोडमाशी, चक्रभुंगा आणि उंटअळी तिन्हीवर चालणारं म्हणजे क्लोरॅन्ट्रॅनिलीप्रोल १८.५ एससी, हेक्टरी १५० मिली, म्हणजे एकरी ६० मिली. मित्रकिडींना तुलनेने सौम्य आहे म्हणून माझी पहिली पसंती तीच. दुसरा पर्याय थायमेथोक्झाम १२.६ + लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ९.५ झेडसी, हेक्टरी १२५ मिली, एकरी ५० मिली. हे पण खोडमाशीवर चांगलं आहे पण त्यात पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रीनच्याच गटातलं) आहे, मित्रकिडी जास्त मरतात. दोन्हीपैकी एकच, दोन्ही मिसळायची नाहीत.

आणि कृपा करून त्यात टॉनिक, विद्राव्य खत, रसशोषकाचं वेगळं असं काही टाकू नका. ज्या दोन गोष्टी एकत्र चालतात असं लेबलवर स्पष्ट लिहिलेलं नाही त्या टाकीत एकत्र झाल्या की द्रावण फाटतं, पान भाजतं किंवा औषधाचा असर जातो, आणि मग कशामुळे झालं ते पण कळत नाही. सोयाबीनवर तर तणनाशकानंतर आधीच थोडा ताण असतो.

रानपाखरू
६० मिली एकरी म्हणजे १५ लिटरच्या पंपाला किती? आमच्याकडे पंपाचं माप सांगतात आणि दरवेळी वेगळंच सांगतात.

बांधावरून
हा प्रश्न विचारलास ते बरं केलं, कारण निम्म्या फवारण्या इथेच वाया जातात. औषधाची शिफारस एकराची असते, पंपाची नसते. तुझ्या रानाला किती पंप लागतात ते तुझ्या चालण्यावर, नोझलवर, पिकाच्या उंचीवर ठरतं. म्हणून आधी नुसतं साधं पाणी घेऊन, रोजच्या चालीने फवारून बघ, एका पंपात किती रान होतं. त्यावरून एकराला किती पंप लागतात ते काढ आणि ६० मिलीला तेवढ्याने भाग. हातपंपाने हेक्टरी ५०० लिटर पाणी धरतात, म्हणजे एकरी २०० लिटर, १५ लिटरचे १३ पंप आणि वर थोडं. मग एका पंपाला साडेचार मिली पडतं. पण तू एकर ७ पंपांत उरकत असशील आणि पंपाला साडेचार मिलीच टाकत असशील तर रानावर निम्मंच औषध पडलं. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाने पाणी कमी लागतं म्हणून त्यात पंपामागे औषधाचं प्रमाण वाढतं, एकराचं तेच राहतं. "औषधच बोगस होतं" म्हणणारे बरेच जण इथे चुकलेले असतात.

नोझल कोणतं लावतोस? तणनाशकाचं चपटं नोझल कीटकनाशकाला वापरू नको, हॉलो कोन लाव, थेंब बारीक पडतात आणि पानाच्या खालच्या बाजूला पण जातात. आणि पंप तणनाशकाला वापरलेला असेल तर आधी धुण्याच्या सोड्याने नीट धुऊन, दोन-तीन वेळा पाणी काढून मगच. २,४-डी चा अंश पंपात राहिला तर सोयाबीनची पानं अशी वाकडी-तिकडी होतात की माणूस व्हायरस समजतो.

सरी_वरंबा
जैविकवाल्यांनी काही बोलायचंच नाही का? मी गेली काही वर्षं पहिली फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काचीच करतो. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, त्यात २०० ग्रॅम साबणाचं पाणी, आणि एकूण १०० लिटर द्रावण करायचं. पतंग अंडी कमी घालतात, लहान अळ्या खाणं सोडतात. पक्षी थांबे, म्हणजे अळ्या खाणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या, पण लावतो.

कीडवही
बोला की, हे सगळ्यांनी वाचायला हवं. निंबोळी अर्क पान खाणाऱ्या लहान अळ्यांवर आणि रस शोषणाऱ्यांवर चांगला. फक्त आधीच खोडात गेलेल्या खोडमाशीवर त्याच्याकडून अपेक्षा धरू नका. त्याच दिवशी बनवून त्याच दिवशी, संध्याकाळच्या बाजूने मारायचा, उन्हात त्याची ताकद जाते.

पक्षी थांब्यांबद्दल एक, शेंगा पिकायला लागल्या की काढून टाका, नंतर पक्षी दाण्यावर येतात.

पेरता_हात
एक वेगळीच अळी दिसली काल, फोटो टाकता येत नाहीये. एकाच पानावर शंभरेक बारीक अळ्या एकत्र, पान पांढुरकं जाळीदार झालंय, बाजूच्या झाडांवर काहीच नाही.

कीडवही
तंबाखूवरची पाने खाणारी अळी, स्पोडोप्टेरा. पतंग पानाच्या खाली पुंजक्याने अंडी घालतो आणि त्यावर स्वतःच्या अंगाचे तपकिरी केस पसरवतो, त्यामुळे पुंजका लोकरीसारखा दिसतो. पहिले काही दिवस अळ्या एकत्रच राहतात. तेच एक पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की शंभरेक अळ्या एका हाताने संपतात, एक मिली औषध लागत नाही. हेच चार-पाच दिवसांनी पांगतात आणि मोठ्या झाल्या की दिवसा मातीच्या भेगांत, पालापाचोळ्यात लपतात, रात्री खातात, मग दुपारी केलेली फवारणी त्यांना लागतच नाही.

कडेने थोडे एरंड लावलेले असतील तर हा पतंग अंडी घालायला आधी एरंडावर जातो, दर दोन दिवसांनी ती पानं बघून पुंजके काढायचे. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, त्यात या किडीच्या वासाची स्पोडोल्युअर घालून. सलग तीन रात्री सापळ्यात ८-१० पतंग आले की समजायचं रानात अंडी पडताहेत. लहान अळ्यांवर एसएलएनपीव्ही हा अळीला मारणारा विषाणू ५०० एलई (त्याच्या मात्रेचं माप) हेक्टरी, संध्याकाळीच. मीटरला ३-४ च्या वर अळ्या गेल्या आणि पांगल्या असतील तर स्पायनेटोरम ११.७ एससी ४५० मिली हेक्टरी किंवा इंडोक्साकार्ब १५.८ ईसी ३३३ मिली हेक्टरी. पण तुम्ही आत्ता क्लोरॅन्ट्रॅनिलीप्रोल मारणार असाल तर पुढची फवारणी त्याच गटातली नको, फ्लुबेंडायमाइड, टेट्रानिलिप्रोल ही नावं वेगळी असली तरी गट एकच, डायमाइड. तेच तेच मारत राहिलं तर कीड त्याला सरावते.

ओलावा
आमच्या इथे गेल्या वर्षी ओल्या दिवसांत अळ्या पानाला चिकटून मेलेल्या दिसायच्या, पांढऱ्या, कडक, जणू खडूच्या. फवारणी केलेली नव्हती. ते काय होतं?

कीडवही
ती बुरशी, नोमुरिया रिलाई म्हणतात, आता शास्त्रीय नाव मेटारायझियम रिलाई झालंय. हवेत ओल टिकून राहिली की ही आपोआप पसरते, अळी आधी पांढरी पडते, मग तिच्यावर फिकट हिरवी भुकटी येते, तीच बी म्हणून उडते आणि दुसऱ्या अळ्यांना लागते. एकदा ही साथ लागली की काही दिवसांत अख्खं रान साफ होतं. म्हणून मोजताना जिवंत अळ्याच मोजायच्या आणि मेलेल्या कशाने मेल्या ते बघायचं. पांढरी कडक म्हणजे बुरशी. झाडाच्या शेंड्याला उलटी लोंबणारी, हात लावला की फुटून पाणी होणारी म्हणजे विषाणू. अळीशेजारी बारीक पांढरे कोष दिसले तर ते गांधीलमाशीचे. यातलं काहीही बऱ्यापैकी दिसत असेल तर अळ्या उंबरठ्यावर असल्या तरी मी दोन दिवस थांबते आणि परत मोजते. शिवाय अशा वेळी रोग नसताना "सोबत जाऊ दे" म्हणून बुरशीनाशक मारलं तर या बुरशीला पण मार बसतो, हे कुणी सांगत नाही.

नांगरधारी
हे मला नवीन आहे. मेलेली अळी दिसली की आपण औषधालाच श्रेय देतो.

एक शंका, फुलोऱ्यात पण एवढंच थांबायचं का? माझ्याकडे एकदा झाडं उंच, हिरवीगार आणि शेंगाच नाहीत असं झालेलं. लोक म्हणाले बियाणं वांझ.

बांधावरून
नाही, फुलोऱ्यात हिशोब बदलतो. उंटअळ्या कळ्या आणि फुलं खातात तेव्हा पानाकडे बघून काहीच कळत नाही, पान चांगलं असतं आणि शेंग धरत नाही. बियाण्याचा दोष, पावसाचा खंड, ही पण कारणं असू शकतात, पण फुलोऱ्यात कापड झटकलेलं असलं की निदान अळी होती का नव्हती हे तरी ठामपणे सांगता येतं. त्या काळात मीटरला २-३ अळ्या असल्या तरी मी फवारतो. माझ्या मते अख्ख्या हंगामात काटेकोर मोजायचा काळ कुठला विचाराल तर पहिला महिना खोडासाठी आणि फुलोऱ्याचे दिवस कळ्यांसाठी. मधल्या काळात पानाला भोकं पडली तर पडू द्या.

रानपाखरू
पिवळा मोझॅक, तो पानं पिवळी पाडणारा विषाणूचा रोग, राहिला. पांढरी माशी दिसली की मारायचं का? तिला तर मोजता पण येत नाही, हात लावला की उडते.

कीडवही
मोझॅकमध्ये माशी रस किती पिते हा प्रश्न नसतो, ती विषाणू नेते, त्यामुळे थोड्या माश्या पण पुरतात. पिवळे चट्टे असलेली पहिली काही झाडं दिसताक्षणी उपटून रानाबाहेर न्यायची, त्यांच्यावरूनच माशी विषाणू उचलते. उपटायच्या आधी त्या भोवतीच्या झाडांवर फवारून घेतलं तर अजून चांगलं, नाहीतर उपटताना माश्या उडून शेजारी बसतात. पिवळे चिकट सापळे पिकाच्या शेंड्याच्या उंचीला लावा आणि पीक वाढेल तसे वर सरकवा. औषधात ॲसिटामिप्रिड २५ + बायफेन्थ्रीन २५ डब्ल्यूजी २५० ग्रॅम हेक्टरी. पण झाड एकदा पिवळं झालं की कुठल्याच औषधाने बरं होत नाही, आणि रान अर्धं पिवळं झाल्यावर मारलेली फवारणी म्हणजे पैसे मातीत. पुढच्या हंगामाला सहनशील वाण निवडणं हाच त्याच्यावरचा खरा उपाय आहे.

बांधावरून
फवारणारे सगळे, एक कळकळीने सांगतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून चाला. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, जुना दात घासायचा ब्रश खिशात ठेवा. डब्यावरचा त्रिकोण बघा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. उपाशी पोटी फवारायला जाऊ नका आणि दुसऱ्याच्या रानात रोजंदारीवर फवारणाऱ्या पोरांना पण हे सगळं मालकानेच द्यायचं असतं, त्यांच्यावर सोडून मोकळं व्हायचं नाही. चक्कर, मळमळ, डोळ्यापुढे अंधारी, जास्त लाळ, यातलं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, औषधाचा डबा बरोबर घेऊन सरळ दवाखान्यात, डॉक्टरला डब्यावरचं नाव लागतं.

पेरता_हात
फवारणी झाली, क्लोरॅन्ट्रॅनिलीप्रोल एकटंच, एकरी ६० मिली. पंप मोजून घेतला तर आमच्या चालीने एकराला ९ पंप लागतात, त्या हिशोबाने टाकलं. पुढच्या आठवड्यात परत खोडं चिरून टाकतो इथे.

ओलावा
बाया चक्रं तोडताहेत, सांगितलं तसं दाखवून ठेवलं. पण काही झाडांत अळी खोडात उतरलीच आहे. ती झाडं काढायच्या वेळेला कशी वागतील? आणि पुढच्या वर्षीसाठी काही करता येईल का?

बांधावरून
चक्रभुंग्याची पूर्ण वाढलेली अळी पीक पिकायच्या सुमाराला झाड जमिनीपासून वीतभर उंचीवर आतून कापते. वारा आला की ते झाड तिथून मोडून पडतं आणि शेंगा मातीत जातात. म्हणून ज्या तुकड्यात प्रादुर्भाव जास्त आहे तो पिकल्याबरोबर आधी काढा, बाकी रानासाठी थांबवून ठेवू नका.

पुढच्या वर्षीचं म्हणाल तर हीच अळी त्या खोडात आणि धसकटात सुप्तावस्थेत बसून राहते आणि पाऊस पडला की भुंगा होऊन बाहेर येते. मळणी झाल्यावर धसकटं गोळा करून रानाबाहेर काढा, काढणीनंतर खोल नांगरट करून रान उन्हात तापू द्या. आणि हे एकट्याने करून अर्धंच काम होतं, भुंगा उडत शेजारच्या रानातून येतो, म्हणून बांधाला बांध असलेल्या दोन-चार जणांनी मिळून करा. शक्य असेल तिथे त्या तुकड्यात पुढच्या हंगामाला ज्वारी किंवा मका घ्या.

ओलावा
शेजारच्या दोघांशी बोलते. त्यांच्यातल्या एकाचं पीक आमच्या आधी पेरलेलं आहे, त्याच्याकडे चक्रं बघितली का विचारते आणि इथे सांगते.